तिसरी पुकार

फादर : दोन रविवार झाले, दगडाबाई. तुमच्या दिग्विजयचं आणि वैजयंतीचं नाव मी मिस्सेच्या प्रार्थनेत सगळ्यांसमोर दोनदा पुकारलं. उद्या तिसरी पुकार. दोन्ही वेळा मी म्हणालो, या लग्नात कुणाला अडथळा माहीत असेल तर येऊन सांगावं. आणि दोन्ही वेळा तुम्ही नेमक्या तेव्हाच उठून बाहेर गेलात.

दगडाबाई : घसा वाळतुया फादर. मार्च लागला न्हाय तर सोलापूर तापाय लागलंय. ही घ्या वेदीची कापडं, धुवून आनली. पयलं पानी झाडाच्या बुडात वतलं, तुमी सांगितल्यावानी. मोरीत न्हाय जाऊ दिलं.

फादर : ठेवा टेबलावर. बसा.

दगडाबाई : बसत न्हाय. मला आत घ्या. पापनिवेदन करायचं हाय.

फादर : आत्ता? भर दुपारी?

दगडाबाई : तुमीच म्हनला की सगळ्यांम्होरं. "पापनिवेदनाच्या पेटीत सांगितलेलं माझ्यासंगं मातीत जाईल. पोलीस आले तरी तोंड उघडणार न्हाय. भिऊ नका, या." पस्तीस वर्सं ह्या देवळात येती मी. असं फोडून कुनी सांगितलं नव्हतं.

फादर : ईस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ आहे. शनिवारी मी तासभर पेटीत बसतो आणि चार माणसंसुद्धा येत नाहीत. लोकांनी यावं म्हणून बोललो.

दगडाबाई : मग मी आली की.

फादर : आलात. एक विचारू? जे सांगायचंय ते ह्या लग्नाबद्दल आहे?

दगडाबाई : ते आत सांगती.

फादर : आत नको. इथं सांगा, ह्या टेबलाशी. इथं सांगितलंत तर मी पुकार थांबवू शकतो. बिशपांना कळवू शकतो. त्या मुलीच्या घरी जाऊ शकतो. आत सांगितलंत तर यातलं काही करता येत नाही.

दगडाबाई : काईच न्हाय?

फादर : काहीच नाही. आज मला जी शंका आहे तीसुद्धा वापरता येणार नाही. चेहऱ्यावर दाखवता येणार नाही. लग्न मीच लावीन, अंगठ्यांवर पाणी मीच शिंपडीन.

दगडाबाई : तुमाला कसली शंका?

फादर : तुमची पहिली सून पिंकी गेली तेव्हा मी इथं नव्हतो. पण दिग्विजयचं दुसरं लग्न म्हणून मी मृत्यूचं रजिस्टर काढून बघितलं. करकंबचं तुमचं शेत. शेततळ्यात पाय घसरून. वय चोवीस. बघणारी एकच, सासू.

दगडाबाई : पोलिसानं लिवलं तेच की.

फादर : पोलिसांनी तुम्ही सांगितलं ते लिहिलं.

दगडाबाई : त्या तळ्याला प्लास्टिकचा कागद हाय फादर. शेवाळ धरतं त्याला. एकदा मानूस आत गेलं की नखानं वरबाडून बी वर येत न्हाय.

फादर : तिनं वरबाडलं?

दगडाबाई : मी काय बोलले न्हाय.

फादर : बोला. तुमच्या पाया पडतो.

दगडाबाई : तुमी पाया पडायचं नसतंय. घरात नात हाय चार वर्साची. आई गेली. आता बाप बी घालवू? ती मोटी झाल्यावर इचारंल, आज्जे, माझ्या बाला कुनी धाडलं तुरुंगात?

फादर : आणि वैजयंतीनं कुणाला विचारायचं? दर रविवारी चौदा पोरांना धर्मशिक्षण देते ती. तुमच्या नातीचे केस विंचरते. परवा मला म्हणाली, फादर, मला आयतं लेकरू मिळतंय, देवाची कृपा.

दगडाबाई : गुनाची हाय पोरगी.

फादर : मग?

दगडाबाई : तुमाला लेकरू न्हाय फादर. म्हनून तुमाला सोपं वाटतंय.

फादर : सोपं नाही म्हणत. आईला किती जड जातं ते माहीत नाही असंही नाही. मरिया माउली क्रुसाखाली उभी राहिली ना? पळून नाही गेली.

दगडाबाई : तिचं लेकरू निर्दोष हुतं.

फादर : दगडाबाई.

दगडाबाई : मी काय बोलले न्हाय म्हनलं न्हवं? आत चला.

फादर : नीट ऐका. पापनिवेदन म्हणजे डोक्यावरची पाटी दुसऱ्याच्या डोक्यावर देऊन घरी जाणं नव्हे. पश्चात्ताप लागतो. आणि आपल्या गप्प बसण्यानं कुणाचं वाईट होणार असेल तर ते थांबवावं लागतं. ते न करता मी क्षमेचे शब्द कसे म्हणू?

दगडाबाई : ते बी आत सांगा.

फादर : सांगेन. पण बाहेर आल्यावर तुम्हाला आठवणसुद्धा करून देता येणार नाही मला.

दगडाबाई : त्येच पायजे.

फादर : मग असं करा. मंगळवारी प्रवचनाला बाहेरचे फादर येतायत. त्यांच्याकडे करा. त्यांचंही तोंड तितकंच बंद असेल. निदान मला चौकशी करायला मोकळं ठेवा.

दगडाबाई : त्यानला सांगून काय करू? ते त्यांच्या गावी जातील, मी माझ्या घरी. तुमी रोज दिसता. दोन वर्सं एकटीच्या डोस्क्यात हाय हे. चुलीम्होरं बसलं की हाय, बिड्या वळाय बसलं की हाय. दुसऱ्या एका मानसाला ठावं हाय एवढंच मला पायजे. मग रातच्याला जरा डोळा लागंल.

फादर : आणि माझा?

दगडाबाई : तुमी फादर हाय. तुमाला देव हाय.

फादर : तुम्हालाही आहे.

दगडाबाई : त्यो मला बोलत न्हाय आता. तोंड फिरवून बसलाय. म्हातारी बाई हात जोडून पापनिवेदन मागतीया आन फादर न्हाय म्हनतो, असं चालतं का? खरं सांगा.

फादर : नाही चालत.

दगडाबाई : मग घाला की जांभळा पट्टा गळ्यात.

फादर : शेवटचं विचारतो. इथं, टेबलाशी, एक वाक्य. नुसतं म्हणा, फादर, हे लग्न लावू नका. कारण विचारणार नाही मी.

दगडाबाई : माझा पाय दुखतुया. लई येळ उभी हाय मी. चला.

(पंचवीस मिनिटांनी दोघं पापनिवेदनाच्या पेटीतून बाहेर येतात.)

दगडाबाई : फादर, पानी आनू का तुमाला?

फादर : नको.

दगडाबाई : तुमी आत जे करा म्हनला, ते लई अवघड हाय.

फादर : हा विषय तुम्ही काढलात. मला काढता येत नव्हता. त्यावर बोलायची परवानगी देता मला? नुसतं व्हय म्हणा.

दगडाबाई : न्हाय.

फादर : बरं.

दगडाबाई : उद्या पुकार वाचनार न्हवं?

फादर : वाचेन.

दगडाबाई : रागावला?

फादर : कशाबद्दल रागावू? मला काही माहीत नाही, दगडाबाई.

वैजयंती : येऊ का आत? अय्या, आई पण इथंच. फादर, तुमचाच आशीर्वाद घ्यायला थांबले. नवी पेठेत साडी घेतली, ही बघा. पांढरीच, पण काठ मोरपंखी. चालेल ना वेदीसमोर?

फादर : चालेल. छान आहे.

वैजयंती : दिग्विजय गाडीत बसलाय गेटपाशी. उतरत नाही म्हणाला, ऊन आहे.

दगडाबाई : कुटं निगालाय?

वैजयंती : करकंबला. शेत दाखवतो म्हणाला. अंधाराच्या आत माघारी येऊ. आई, शेततळ्यात मासे सोडलेत म्हणे ह्या वर्षी?

दगडाबाई : मला बोलला न्हाय त्यो.

वैजयंती : मलाही म्हणाला, आईला कशाला सांगतेस, तिला त्या जागेचं अजून दुःख आहे. पण मला असं लपूनछपून आवडत नाही. पिंकीताईंची जागा आहे, एक मेणबत्ती लावावी म्हटलं काठावर. बरोबर ना, फादर?

फादर : मेणबत्ती चर्चमध्येही लावता येते.

वैजयंती : हो, पण तिथं गेले की मलाही बरं वाटेल. घरी दादा सारखा मागं लागलाय. दुसरपणाचा आहे, नीट चौकशी कर म्हणतो. मी म्हटलं, फादरनी दोनदा पुकारलंय सगळ्यांसमोर. काही असतं तर कुणीतरी आलंच असतं ना सांगायला?

फादर : (टेबलावरच्या वेदीच्या कापडांची घडी पुन्हा घालू लागतात.)

वैजयंती : फादर?

फादर : हं.

वैजयंती : बरं नाही का तुम्हाला? घाम आलाय किती.

फादर : पेटीत उकडतं. पंखा नाही तिथं.

वैजयंती : लग्नाच्या आधी एक छोटा पंखा देते मी बसवून. ऐका, हॉर्न वाजवतोय. त्याला थांबायचा भारी कंटाळा. आशीर्वाद द्या पटकन.

फादर : देव तुझं रक्षण करो. पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावानं.

वैजयंती : आमेन. जाऊ मग?

फादर : मोठ्यांना विचारून जावं. आई इथंच आहेत.

वैजयंती : आई, जाऊ ना?

दगडाबाई : (वैजयंतीचा हात धरते.)

वैजयंती : बघा, परत हॉर्न. सांगा ना आई. नको असेल तर नको म्हणा, मी त्याला समजावते.

दगडाबाई : समजावून त्यो ऐकत नसतोय.

वैजयंती : मग जाते. हात सोडा ना माझा. किती घट्ट धरलाय.

दगडाबाई : पोरी, तुला पवायला येतं का गं?