मधातलं गोणपाट

(सत्त्याहत्तरचा उन्हाळा, सकाळची वेळ. अनसिंगचा फाटा. ऊसतोडीचा ट्रक दोघांना आणि दोन झोपलेल्या लेकरांना उतरवून नुकताच गेला आहे.)

पंचफुला : द्या ते बोचकं इकडं, देवमनभाऊ.

देवमन : भाऊ? कालवरी त 'अवो' होतो मी.

पंचफुला : कालवरी भवताल टोळी होती. मुकादम नवरा-बायकोच्या जोडीबगर कोणाले कामावर घेत नव्हता, म्हणून तुमी नवरा अन् मी बायको. आता टोळी गेली. सोंग संपलं.

देवमन : सारंच सोंग होतं?

पंचफुला : तसंच ठरलं होतं ना आपलं? माह्या मालकाले, शेषरावले, पान लागलं, सापाच्या इखानं गेले ते, अन् दोन लेकरं घेऊन मी उघड्यावर आली. तुमी त्यायचे दोस्त. तुमीच म्हंतलं, येक हंगाम माह्यासंगं चाल, लेकरायचं पोट भरन. भरलं. तुमचे उपकार हायेत. आता एसटी आली का आसेगावले जा. तुमच्या मायनं, बुढीनं, रिठदची पोरगी पाहून ठेवली हाय तुमच्यासाठी.

देवमन : मी नाही करत ते लगन.

पंचफुला : काहून? काय खोट हाय पोरीत?

देवमन : पोरीत नाही. माह्यात हाय.

पंचफुला : काय बोलून राह्यले?

देवमन : थंडीत नसबंदीची गाडी आली होती कारखान्यावर. आठोते?

पंचफुला : आठोते ना. तवाच तुमी तापानं पडले होते. मीच पेज करून देल्ली.

देवमन : ताप नव्हता तो.

पंचफुला : अव माय! तुमी... तुमचं त लगनही झालं नाही!

देवमन : त्यायच्या हिशोबानं झालं होतं. बायको पंचफुला, लेकरं दोन. दोघातल्या येकाले यावंच लागन म्हणे, नाही त काम बंद. तुह्याकडंच येऊन राह्यले होते.

पंचफुला : मंग सांगाचं ना, हे माही बायको नोहे म्हणून!

देवमन : साऱ्या टोळीसमोर? परक्या माणसासंगं येका कोपीत राह्यली म्हणून काय म्हंतलं असतं तुले लोकायनं?

पंचफुला : म्हंतलं असतं! जीव त जात नव्हता माहा! बुढीचे येकुलते येक लेक तुमी. नातवाची आस लावून बसली ते. तिले मी कोणतं तोंड दाखवू? मले येकडाव पुसाचं त होतं!

देवमन : पुसलं असतं त तूच गाडीत जाऊन बसली असती.

पंचफुला : बसलीच असती. माहे दोन हायेत.

देवमन : तू खोकून खोकून अर्धी झाली होती तवा. उभं राहाची ताकद नव्हती तुह्यात. मले भेव वाटलं.

पंचफुला : कायचं?

देवमन : तुले काही झालं त मी कसा राहू, याचं. तवाच समजलं, माह्याकून सोंग कवाचंच सुटलं. माह्यासंगं घरी चाल. पर पंचफुला, कीव करून हो म्हणू नको. तसं असन त मी येकटाच जातो.

पंचफुला : कीव? कोपीत मधात गोणपाट बांधलं होतं, ते आठोते?

देवमन : तुह्या अन् माह्या मधातलं? ते फाटलं म्हणून काढलं तू.

पंचफुला : फाटलं नव्हतं.

देवमन : मंग?

पंचफुला : चांगलं होतं. मीच काढलं. लहाना रडला का तुमी तिकडून हात घालून त्याले थोपटत होते. मले वाटे, म्हणावं का इकडंच या. तोंडानं म्हणता येत नव्हतं, म्हणून काढलं. अन् तुमी येडे, तरी कुडाकडं तोंड करून निजत होते.

देवमन : कवा काढलं होतं?

पंचफुला : गाडी यायच्या लय पहिले.

देवमन : ...मायले काय सांगू मी?

पंचफुला : तुमी नका सांगू. मी सांगीन. शिव्या देल्ल्या त ऐकून घेईन. मारलं त खाईन. पर आता खोटं नाही बोलत कोणासमोर.

देवमन : माय घरात घेईन का नाही, काही सांगता येत नाही.

पंचफुला : नाही घेतलं त ओसरीत निजू. गोणपाट हाय बोचक्यात. अंथराले होईन.

देवमन : एसटी आली वाटते.

पंचफुला : अवो, लहान्याले उचला. हळूच घ्या, झोपमोड होईन त्याची.