मुठीने बोलणारी मुलगी

सन्माननीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, आमच्या मुख्याध्यापिका, माझे सहकारी, पालकवर्ग, समोर बसलेली माझी मुलं आणि घरून पडद्यावर हा समारंभ पाहणारी माझी दूरची मुलं, सर्वांना नमस्कार.

माझ्या जागी आलेल्या, माझ्या शेजारी उभ्या असलेल्या नव्या बाई माझं बोलणं खुणांनी सांगत आहेत. बाई, मी फार भरभर बोलले तर खुशाल कोपर मारा.

माझ्या निवृत्तीनिमित्त मघापासून इतकं गोड बोललं गेलं, की आता मला थोडं तिखट बोलायची मुभा मिळावी. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. बोलताना माझे हात फार हलायचे. मग आमच्या सिस्टर मला स्वतःच्या हातांवर बसायला लावत. "सभ्य मुली तोंडाने बोलतात," म्हणत. त्याच मुलीने छत्तीस वर्षं हातांनी बोलून पोट भरलं! पण सिस्टरांनी आणखी एक गोष्ट शिकवली होती: चूक असेल तर लगेच माफी मागायची, नसेल तर कुणाच्या बापाला भ्यायचं नाही. शब्द त्यांचे नाहीत, अर्थ त्यांचाच आहे.

ज्या मुलांना रोज शाळेत येणं जमत नाही, त्यांचा वर्ग सहा वर्षांपासून पडद्यावरून चालतो. पहिल्या दिवशी मी कॅमेऱ्यासमोर उभी राहिले आणि मोठ्याने विचारलं, "सगळ्यांना ऐकू येतंय ना?" समोर जन्मापासून ऐकू न येणारी अकरा मुलं! एका मुलाची आजी मागून म्हणाली, "मला येतंय हो बाई. यांचं तुम्ही बघा."

हसू नका. ही चूक माझ्या एकटीची नव्हती. अडीच वर्षांपूर्वी कार्यालयाने नेट पुरेना म्हणून सगळ्या वर्गांचं चित्र दोनशे चाळीसवर, म्हणजे अगदी धूसर दर्जावर, बांधून टाकलं. मग तिथल्या साहेबांनी वर्गाची तपासणी केली. फायलींवर सह्या करता करता माझा वर्ग लावला आणि शेरा मारला, 'आवाज स्वच्छ, दर्जा उत्तम.' साहेब, तुम्ही आमचा वर्ग कानांनी तपासलात.

त्याच सुमारास एक पाच वर्षांची मुलगी वर्गात आली. तिची खूण आहे, कानामागे बट सारणं. आमच्यात नावं अशीच ठेवतात. तिची आई धुलाईकेंद्रात इस्त्री करते. आठ महिने ही मुलगी पडद्यावरूनच शिकली, आणि एके दिवशी आईचं बोट धरून शाळेत आली. मी विचारलं, "काय खाल्लंस?" तिने उत्तर दिलं, पण सगळी बोटं एकमेकांना चिकटवून. प्रत्येक खूण मुठीने. जणू हातमोजा घालून बोलत होती. वर्गातली मुलं खो खो हसली.

आई गोंधळली. म्हणाली, "बाई, चुकतंय का काही? पडद्यावर तुमचे हात असेच दिसतात. ती हुबेहूब तुमच्यासारखंच करते हो."

आणि ती मुलगी? ती गुपचूप बाकावर बसली, दोन्ही हातांवर.

अध्यक्ष महाराज, त्या दिवसापासून मी शांत बसलेले नाही.

मी आमच्या संगणकवाल्या दादांना गाठलं. त्यांनी चौकोनी वहीत माझा हात काढून दाखवला. चौकोन मोठे घेतले तर एकाच चौकोनात दोन बोटं येतात, आणि एका चौकोनाला रंग एकच. बोटांमधली फट गेली! चौकोन बारीक घेतले, की फट परत आली. दोनशे चाळीसवरून सातशे वीसवर गेलं, की चौकोन नऊपट होतात. पण ते दर क्षणाला पाठवायचे तर नेटची वाटही तशी रुंद हवी, नाहीतर चित्र थिजतं आणि मधोमध चाक गरगरत बसतं. चाचणीपुरतं दर्जा 'आपोआप' वर ठेवून पाहिलं, तर नेट अडखळलं की यंत्र आधी आवाज सांभाळतं आणि चित्राला उपाशी ठेवतं. आमच्या शाळेत!

मग मी आमचा आवाजच बंद केला. त्याने नेट फारसं वाचत नाही, हे दादांनी आधीच सांगितलं होतं. मला फक्त मानपान बदलायचा होता. भिंतीवरचे तक्ते काढले. बिननक्षीचे गडद निळे कपडे शिवले, कारण नक्षी हलली की तीही पाठवावी लागते. शिक्षकखोलीत विचारायचे, "बाई, सगळे कपडे एकाच ताग्यातून का?" हो, एकाच ताग्यातून!

तरी सातशे वीसला वाट अपुरी पडे. शोधलं, तेव्हा कळलं की स्वागतकक्षातल्या मोठ्या पडद्यावर संस्थेची माहितीफीत दिवसभर नेटवरून चालते, सर्वांत उंच दर्जावर. समोर रिकाम्या खुर्च्या. त्यातल्या धबधब्याचा थेंब न् थेंब दिसतो. मी तो पडदा बंद केला आणि दादांकडून माझ्या वर्गाची दोनशे चाळीसची गाठ सोडवून घेतली. मला 'कारणे दाखवा' नोटीस आली. मी कारण दाखवलं. त्या मुलीला साहेबांच्या खोलीत नेऊन उभं केलं. नोटीस फाइलमध्ये गेली.

आता नवं परिपत्रक निघालं आहे. आजपासून सर्व वर्ग पुन्हा दोनशे चाळीसवर, समानतेसाठी म्हणे. आज सकाळी मला सांगण्यात आलं, "बाई, याच्यावर सही करा, मग कार्यमुक्तीचा दाखला घ्या." मी सही केलेली नाही. करणार नाही. दाखला तुमच्याकडेच राहू द्या. छत्तीस वर्षं मी कुठे होते ते मला आठवतंय.

हा समारंभही घरच्या मुलांना दोनशे चाळीसवरच दिसतो आहे. दादा, स्वागतकक्षातला तो पुन्हा लागलेला धबधबा बंद करा आणि इथलं नि मुलांच्या घरचं, दोन्हीकडचं चित्र सातशे वीसवर न्या. व्यासपीठाकडे बघू नका, माझ्याकडे बघा. नोटीस माझ्या नावावर येऊ दे. सहा वाजेपर्यंत मी नोकरीत आहे.

झालं? मागच्या पडद्यावर बघा सगळ्यांनी. ती, बट सारणारी. आता सात वर्षांची आहे. बाळा, हात वर कर. अध्यक्ष महाराज, आपण बोटं मोजावीत, अशी नम्र विनंती. सावकाश मोजा.

नव्या बाई, वर्गाची किल्ली ही घ्या. सोबत तो निळा तागाही आहे, उरलाय बराच.

माझं ऐकून घेतलंत, आपली ऋणी आहे. तोंडून काही कमीजास्त गेलं असेल तर पदरात घ्यावं. या हातांनी जे केलं, त्याबद्दल मात्र मी माफी मागणार नाही. आता मुलांचे आभार मानायचे आहेत, ते मी हातांनीच मानते. ध्वनिक्षेपक बंद करा, दादा. ज्यांना समजणार नाही, त्यांनी शेजारच्या मुलांना विचारावं.