पिकू द्या म्हणणारी मीच

माझं माहेर बेंबळीकडलं, दिलं येडशीला, दोन्हीकडं मेंढरंच. काय सांगू ताई तुमाला, मेंढरांच्या मागं जलम गेला, शाळा कसली अन् काय कसलं. आमच्या मालकांची नजर म्हणाल तर आख्ख्या गावात न्हाय आशी, ह्या माळावर उभं राहून पल्याडच्या माळावरली लंगडी मेंढी कुणाची ते सांगायचे, अन् मी म्हणायची, बायको लंगडायलीय ते दिसतंय का बगा तेवढं.

मग एकदा मेंढरं कुणाच्या तरी हरभऱ्यात शिरली. जलमात कुणाच्या पिकाला तोंड लावू दिलं न्हाय त्या माणसानं, अन् शेतवाला बांधावरनं शिव्या घालायलाय तर हे उलट्याच बाजूला बगत उभे. घरी आले, जेवले न्हाईत. म्हणले, डाव्या डोळ्याला धुरकट दिसतंय, लई दिस झाले. तवा तोंड उघडलं बगा.

आता मोतीबिंदू आमाला ठावं न्हाय आसं न्हाय. माझ्या सासऱ्याचा काढला होता, डोळा पार पांढरा झाल्यावर. तवाचे डाक्टर म्हणले होते, पिकू द्या, मग काढू. अन् म्हातारा मरस्तवर सुई ओवायचा. तेच माझ्या डोक्यात बसलं.

गावातली आशाताई आली, म्हणली, डोळ्याचं शिबिर हाय, गाडी न्यायला येती, मामांना पाठवा. मालक रानात. म्या दारातनंच म्हणलं, आजून पिकला न्हाय. ती म्हणली, मावशी, आता पिकायची वाट बगत न्हाईत, ते जुनं झालं. मला राग आला. म्हणलं, कालची पोरगी तू, मला शिकवतीस व्हय? अन् खरं सांगू का, मेंढ्या व्यायला झाल्या होत्या, मालक दवाखान्यात बसले तर कोकरं कोण बगणार, ते बी होतं मनात. दुसऱ्यांदा आली तवा तर म्या तिला पाणी बी इचारलं न्हाय. अन् मालकांना ह्यातलं कायच सांगितलं न्हाय.

उन्हाळ्यात डोळा लालभडक झाला, डोकं फुटायलंय म्हणायचे, उलट्या. आमाला वाटलं ऊन लागलं. मी शेळीच्या दुधात कापूस भिजवून डोळ्यावर ठेवत बसले, चार दिस. धाराशिवला नेलं तर डाक्टर म्हणले, मोतीबिंदू आत फुगला, डोळ्यातलं प्रेशर वाढलं, मागची नस गेली. ही नजर आता माघारी येत न्हाय. दुसऱ्या डोळ्यात बी सुरू झालाय, तो काढून घ्या. मालक तिथनं उठलेच. एक गेला तेवढा पुरे, म्हणले, हत्यार लावू देणार न्हाय.

लेक रडली, आशाताईनं हात जोडले, ऐकनातच. अन् उजव्याचं बी धुरकट वाढत चाललं, ताटातली भाकर चाचपून घ्यायला लागले. मग एक दिस मेंढरांच्या वाडग्यात कोकरं पाजताना म्या सांगून टाकलं. म्हणलं, तुमचा डोळा म्या घालवला. दोनदा बोलावणं आलं, म्या दारातनं परत लावलं. काय मारायचं ते मारा, पण ह्या डोळ्यासाठी चला.

ताई, ते कोकराच्या पाठीवरनं हात फिरवत बसले. दोन दिस माझ्याशी शब्द न्हाय. तिसऱ्या दिवशी बगते तर धुतलेलं धोतर नेसून, पटका बांधून ओट्यावर बसलेले. म्हणले, आशाताईला सांगावा धाड.

झालं आप्रेशन, घटकाभराचं काम. आता मेंढरं नेतात, एका डोळ्यावर. डावीकडनं मोटार आली तर दिसत न्हाय, माझा जीव वर-खाली होतो. मी आशाताईसंगं घरोघर जाते, बाया म्हणतात, आजून पिकला न्हाय, की मी माझं पाप सांगते. लाज वाटत न्हाय म्हणणार न्हाय मी. वाटती, पण सांगते.

मालकांनी आजपतुर बोल लावला न्हाय. लावला आसता तर हलकं वाटलं आसतं मला. आता मला बी धुरकट दिसायलंय. तर म्या काय म्हणावं? म्हणलं, कोकरं मोठी होऊ द्या, मग बगू. आसं माझं तोंड! तवा त्यांनी मेंढरं दिराच्या हवाली केली, जलमात पयल्यांदा. उद्या जायचंय धाराशिवला. म्या इचारलं, माझ्यावर राग न्हाय का हो तुमचा? हाय म्हणले, अन् माझी पिशवी त्यांनीच भरली, लुगडं घडी घालून. लई रडले मी. मालक खरं बोलले ते बरं झालं. आता देव करंल ते खरं.