गिरडच्या वाटेवरची बंडी

गिरडला मी एकटाच सायकलनं निघालो होतो, ते तुम्हाला कधी सांगितलंच नाही. शहात्तर-सत्याहत्तर साल असेल. वर्ध्याहून पहाटे निघालो, समुद्रपूर मागे पडलं आणि भर उन्हात बाटलीतलं पाणी संपलं. रस्त्यावर चिटपाखरू नाही. चक्कर यायला लागली, तेवढ्यात पुढे कडब्यानं भरलेली एक बैलबंडी दिसली. हाकणारा कडब्याआड होता. म्हटलं, गिरडकडेच चालला असेल. एका हातानं मागचा दांडा धरला आणि पायडल मारणं सोडलं. चाकांची कुरकुर, घुंगरांचा आवाज, कडब्याचा गोड वास. आपण जागे आहोत की झोपेत, मलाच कळेना.

बंडी थांबली ती एका अंगणात. घरातून एक बाई आली. माझं तोंड पाहून तिनं आधी तांब्याभर पाणी दिलं, मग बंडीकडे वळून म्हणाली, "अवो, हे पाव्हणे कोन आणले?"

कडब्यापलीकडून एक म्हातारा डोळे चोळत उठला. "मले काय मालूम! कुठं चालले, भाऊ?"

"गिरडला."

"गिरडचा फाटा तं कवाच मागं राह्यला! मले काऊन नाई उठवलं?"

"मला वाटलं, तुम्ही जागे आहात. बंडी तर नीट चालली होती."

"बैलं जागे होते," म्हातारा म्हणाला. "झोपलो होतो आपन दोघं."