स्विस घड्याळ आणि तारेची घासणी

“पॉलिश करायचं म्हणजे करायचंच!” आमचे हे हट्टाला पेटले होते. परदेशात, टार्निटला लेकाकडे आलो आणि लॉकडाऊनमध्ये अडकलो. लेकाने ह्यांना पंचाहत्तरीला भारी स्विस घड्याळ दिलं. बाहेर जायला बंदी, मग मिरवणार कुठे? कढया घासायचं काम मी ह्यांच्यावर टाकलं होतं, तर तारेची घासणीसुद्धा घड्याळ घालूनच चालवायचे! स्टीलच्या पट्ट्यावर हे एवढे ओरखडे.

लेक म्हणाला, “नो वरीज बाबा, दुकानं उघडली की पॉलिश करू. एकही ओरखडा दिसणार नाही.”

“खबरदार!” मी ओरडले.

“अगं, पुण्याला सगळ्यांना दाखवायचंय मला. तुझं काय जातंय?”

“ओरखडे नसले, तर तुम्ही कढया घासल्यात हे तुमच्या बहिणींना पटणार कसं?”