वन्संचे भिंग

दोन हजार बावीस सालच्या डिसेंबरात, थंडीच्या दिवसांत, मी माझ्या नणंदेबरोबर, म्हणजे वन्संबरोबर, बोरीवलीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. मोतीबिंदू काढून तिथे कोणते भिंग बसवायचे, हे ठरवायचे होते. एका भिंगाने दूरचे स्पष्ट दिसणार होते, दुसऱ्याने जवळचे. तिसऱ्याने दोन्ही दिसले असते, पण रात्री दिव्यांभोवती वलयेही दिसली असती.

वन्संचा शेखर म्हणाला, “दूरचंच बसवा. आईला रस्ता ओलांडता यायला हवा.”

सूनबाई म्हणाल्या, “दोन्हीचं घेऊ या ना.”

मी म्हटले, “डोळा ज्यांचा आहे, त्यांना कोणी विचारणार आहे का?”

वन्सं म्हणाल्या, “मला जवळचं द्या. नातीच्या लग्नाचे गव्हले मलाच वळायचे आहेत.”

“आजी, बहुतेक जण दूरचं मागतात,” डॉक्टर म्हणाले.

“दूरचं बघायला चष्मा लावीन. पण रव्याचा तांदळाएवढा दाणा वळायचा, तर तो दिसायला नको का?”

त्यांचेच ऐकले गेले. माघात गव्हल्यांच्या मुहूर्ताला आम्ही दोघी शेजारी वळायला बसलो. वन्संचे गव्हले एकसारखे उतरत होते. मग त्यांनी माझ्या ताटातला एक उचलून डोळ्यांजवळ धरला.

“वहिनी, ही तर चवळी आहे. आणि दोन वर्षं मी लोकांना सांगते आहे, तुमचे गव्हले माझ्यापेक्षा बारीक असतात.”