पाचवं लेकरू

वॉर्डाच्या बंद दारासमोर एकच बाकडं होतं. माझ्या शेजारी पिकल्या केसांच्या दोघी बहिणी बसल्या होत्या.

“तू जा आत, आक्का. तुझी आई तुझीच वाट बघत असेल.”

“तुझी आई म्हणे! आणि तुझी कोण?”

“मला मावशीनं वाढवलं. हिनं देऊन टाकलं आणि विसरून गेली.”

“विसरून गेली? अगं, शिरगणतीला मास्तर आले, तेव्हा मी उंबऱ्यातच होते. मुलं किती विचारल्यावर आई म्हणाली, पाच.”

“घरात तर तुम्ही चौघंच.”

“मास्तरही तेच म्हणाले. मावशीकडच्या मुलीला तिकडेच मोजणार, असा नियम आहे म्हणे.”

“मग?”

“आई म्हणाली, ‘लेक दुसऱ्याच्या अंगणात खेळली, म्हणून पोटातून पुसली जाते का? पाच लिहा.’ दारच अडवून उभी राहिली. शेवटी मास्तरांनी हात टेकले.”

“आणि मावशीनं?”

“तिनंही तुला मोजलंच की! तुझ्यापायी अख्ख्या देशात एक माणूस जास्त भरलं, बाई.”

“हे आज सांगतेस?”

“आईचं नाव काढलं की तू उठून जायचीस. सांगू कुणाला, भिंतीला?”

दार किलकिलं झालं. सिस्टर म्हणाल्या, “एकीलाच सोडीन. आजींची मुलगी कोण?”

आक्का गुडघा चोळत बसून राहिली.

“मी,” धाकटी उठली. “माझी आई आहे.”